समुद्रावरून आलं की कुत्र्याचं पोट बिघडतं? आमच्या भुंग्याचं दुखणं शेवटी चेंडूत निघालं

आम्ही पुण्याचे. थंडी पडली की महिन्या-दीड महिन्यातून एकदा अलिबागला पळतो. मुक्काम नागावला, नारळी-पोफळीच्या एका वाडीत. बरोबर भुंग्या असतोच. लॅब्रॅडॉर, पाच वर्षांचा, वजन ३० किलो, आणि पाणी दिसलं की वेडा. आता सांगायची गोष्ट ही की पहिल्या चारही फेऱ्यांना एकच प्रकार झाला. संध्याकाळी समुद्रावर मजा, रात्री दहाच्या सुमाराला पहिला पातळ जुलाब आणि मग पहाटेपर्यंत दर तासाला दार उघडा. पाण्यासारखं पातळ, कधी सोबत एखादी फेसाळ उलटी. ताप नाही. कुत्रा तसा हसतमुख. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थोडा मलूल, तिसऱ्या दिवशी ठणठणीत. पुण्यात सहा-सहा महिने याचं पोट बिघडत नाही.

हाच अनुभव असलेले पुष्कळ जण भेटतात आणि बहुतेक सगळे म्हणतात, "हवापालट मानवत नाही त्याला." आम्हीही तेच म्हणायचो. हवापालटाने माणसाला भूक लागते, कुत्र्याला जुलाब का व्हावेत, हे काही कुणी विचारलं नाही.

पहिल्यांदा संशय जेवणावर गेला. वाडीतल्या काकूंनी प्रेमाने बोंबलाची डोकी घातली होती, तेव्हा आरोपी हाताशीच होता. दुसऱ्या फेरीला घरून त्याचं नेहमीचं खाणं डब्यात भरून नेलं आणि काकूंना अक्षरशः हात जोडले. रात्री दहा वाजता तेच. तिसऱ्या वेळी वाटलं गाडी लागत असेल; खोपोलीच्या घाटाने माणसांचीही पोटं ढवळतात. म्हणून डॉक्टरांना विचारून गाडी लागू नये म्हणून गोळी दिली. घाटात महाराज घोरत होते. रात्री दहा वाजता तेच. त्या खेपेला परतल्यावर एका दवाखान्यात नेलं, तिथे पाच दिवसांचं अँटिबायोटिक मिळालं आणि दोन दिवसांत पोट बरं झालं. आम्ही खूश. औषध लागू पडलं, असंच वाटलं. ते औषधाशिवायही दोन दिवसांतच बरं व्हायचं, हे मागच्या दोन खेपांना आम्ही पाहिलं होतं, पण तेव्हा डोक्यात आलं नाही.

चौथ्या वेळी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या आणि मग विचारलं, "सुरू किती वाजता होतं?" म्हटलं, रात्री नऊ-दहाला. "आणि समुद्रावर किती वाजता असता?" पाच ते साडेसहा-सात. "दर वेळी?" दर वेळी. ते म्हणाले, "मग जेवण आणि गाडी विसरा. हे समुद्रानंतर तीन-चार तासांनी येतंय. पाणी पितो का तिथलं?"

मी ठासून सांगितलं, अजिबात नाही, तोंडही लावत नाही. आणि ते खरंच होतं. भुंग्या लाटेला एकदा जीभ लावून शिंकतो आणि बाजूला होतो.

"चेंडू आणतो का पाण्यातून?"

आणतो की. तासभर आणतो.

घरी येऊन नवऱ्याच्या मोबाइलमधला व्हिडिओ पाहिला. चेंडू लाटेत पडतो, भुंग्या पोहत जातो, तोंड पूर्ण उघडतो, त्याच वेळी लाट येते. चेंडूसकट पाणी आत. गोल चेंडू जबड्यात धरला की ओठ मिटत नाहीत, त्यामुळे परत येतानाही दोन्ही बाजूंनी पाणी आत येत राहतं आणि तो ते गिळत राहतो. म्हणजे पिणं हे आपल्या डोळ्यांना दिसतं तसं वाडग्यात तोंड घालूनच होतं असं नाही. शिवाय टेनिसचा चेंडू बाहेरून लोकरीसारखा असतो. घरी बादलीत बुडवून पिळला, दोन-तीन चमचे पाणी निघालं. भुंग्या हेच दातांनी पिळतो.

आता हिशेब बघा. व्हिडिओवरून अंदाज केला तर तासाभरात चाळीस वेळा चेंडू फेकला जात होता. एका खेपेला दोन चमचे म्हणजे १० मिलिलिटर धरलं, तरी चाळीस खेपांचं होतं ४०० मिलिलिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे भुंग्याने १४ ग्रॅम मीठ खाल्लं, जवळजवळ तीन चमचे. दवाखान्यात चढवतात त्या सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, कारण रक्ताला तेवढंच झेपतं. समुद्र त्याच्या चौपट खारट. इतकं खारट पाणी आतड्यात गेलं की ते पातळ करायला शरीर स्वतःचं पाणी आतड्यात सोडतं. लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तसंच. आणि आतड्यात पाणी सुटलं की ते बाहेर येणारच. जंतू नाही, विष नाही, बोंबील नाही. त्यामुळे अँटिबायोटिकचा काही संबंधच नव्हता.

हा हिशेब लहान कुत्र्याला लावून पाहिला तेव्हा मात्र माझा चेहरा उतरला. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोला साधारण २ ते ३ ग्रॅम मीठ पोटात गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, ४ ग्रॅमच्या आसपास जिवावर बेततं. ३० किलोच्या लॅबला तिथवर पोचायला पावणेदोन लिटर पाणी प्यावं लागेल. पण चार किलोच्या पॉमेरेनियनला? ८ ग्रॅम मीठ म्हणजे सव्वादोनशे मिलिलिटर, एक पेलाभर. तेव्हा "आमचा छोटासा आहे, तो काय पिणार" हे डोक्यातून काढून टाका. छोट्याचीच काळजी जास्त.

जुलाबांवर थांबलं तर ठीक. पण लागोपाठ उलट्या, चालताना झोकांड्या, अंगाला थरथर, डोळे शून्यात, झटका, यांतलं काही एक दिसलं तर घरगुती उपाय नको, रात्र असली तरी डॉक्टर गाठा. रक्तात मीठ फार चढलं की मेंदूतलं पाणी ओढलं जातं, आणि ते मीठ उतरवायचंही हळूहळू असतं, नाहीतर उलटा त्रास होतो. ते काम डॉक्टरांचं. अलिबाग जिल्ह्याचं ठिकाण आहे, जनावरांचे डॉक्टर आहेत, पण शनिवारी रात्री दहाला कोण भेटेल हे निघायच्या आधी फोन करून विचारून ठेवा. आम्ही आता नंबर कागदावर लिहून गाडीत चिकटवलाय, कारण वाडीत रेंज येते ती फक्त विहिरीच्या कठड्यावर.

तर पाचव्या फेरीला चेंडू घरी ठेवला. रात्री दहा वाजता आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो होतो. साडेअकराला एकदाच झालं, आणि तेही निम्म्याने घट्ट. सुधारणा होती, पण पूर्ण नव्हे. म्हणजे अजून काहीतरी राहिलं होतं.

ते सापडलं वाडीतल्या काकांमुळे. भुंग्याचं वाडगं दुपारपासून भरलेलं तसंच होतं. काका म्हणाले, "आमच्या विहिरीचं पाणी जरा मचूळ आहे ताई, तुमचा पुण्याचा कुत्रा कुठला पितो! आमची जनावरं पितात सवयीनं." किनाऱ्यालगतच्या वाड्यांत हे असतंच, उन्हाळ्याकडे तर वाढत जातं. आम्ही स्वतः बाटलीतलं पाणी पीत होतो आणि कुत्र्याला विहिरीचं देत होतो. तो चाटून सोडून द्यायचा. चार तासांच्या प्रवासानंतर तहानलेला कुत्रा समुद्रावर जायचा, तिथे धावून आणखी तहानायचा आणि मग ओल्या वाळूतल्या डबक्यातलं पाणी लपकन ओढायचा. ओहोटीनंतर वाळूत जी उथळ डबकी राहतात, त्यांतलं पाणी उन्हाने आटून समुद्राहूनही खारट होतं. डबक्याशी लाट नसते, त्यामुळे तिथे तो शिंकत नाही, नीट पितो. आम्ही बघत असायचो लाटांकडे.

यानंतर जे बदललं ते असं. घरून पाच लिटरचा पाण्याचा कॅन फक्त त्याच्यासाठी. समुद्रावर जायच्या आधी वाडीतच पोटभर पाजायचं, किनाऱ्यावर बाटली आणि घडीचं वाडगं बरोबर. दर दहा-पंधरा मिनिटांनी पट्टा लावून सुरूच्या बनात आणायचं, पाणी द्यायचं, धाप खाली येईपर्यंत थांबवायचं. तो थांबायला तयार नसतो, थांबवायचं तरी. आणि खेळायला चेंडूऐवजी तरंगणारी चपटी फोमची चकती. चपटी वस्तू धरली की ओठ जवळजवळ मिटतात. ती लाटेत फेकायची नाही, काठाला समांतर, घोटाभर पाण्यावर. कोरड्या वाळूवर टेनिसचा चेंडू खेळायचा पर्याय काही जण सुचवतात. त्याने खारं पाणी टळतं पण लाळेने ओल्या झालेल्या चेंडूला चिकटलेली वाळू पोटात जाते, आणि वाळू ही जुलाबापेक्षा वाईट गोष्ट आहे. थोडी असेल तर शीतून निघून जाते. जास्त साचली की आतड्यात सिमेंटसारखी बसते: कुत्रा जोर करतो, होत काही नाही, पोट ताठ, उलट्या. एक्सरेत ती पांढरीशुभ्र दिसते. शिवाय वाळू भरलेला तो लोकरी चेंडू दातांना पॉलिशपेपरसारखा घासत राहतो.

किनाऱ्यावर पडलेली खाल्लेली कणसं आणि शहाळ्याची सोडणं हेही याच खात्यात. भुट्टेवाल्याच्या गाडीभोवती बटर लावलेल्या कणसांचे दांडे पडलेले असतात, लॅब ते चावत नाही, गिळतो, आणि ते आतड्यात अडकलं तर थेट ऑपरेशन. भाजण्याचा वास आला की मी पट्टा हातभर करते.

वेळेचं गणितही काकांनीच शिकवलं. "ओहोटीला न्या ताई, भरतीला लाट तोंडावर येते." आम्ही ऑफिस सुटल्यासारखे पाचला जायचो, पाणी कुठे आहे ते न बघता. कोकणात हिशेब सोपा: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीन वाजता भरती. तिथून सहा तास आणि वर थोडं मागे-पुढे गेलं की ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी पाणी अगदी वर, आणि ओहोटी भर दुपारी. अष्टमीच्या शनिवार-रविवारी आम्ही कुत्रा घेऊन जातच नाही. प्रतिपदा ते तृतीया सगळ्यात चांगली: सकाळी सात-आठला पाणी लांब, वाळू ओली, घट्ट, थंड, उतार सपाट, घोडागाड्या आणि ते फटफटणारे चारचाकी खेळ अजून सुरू झालेले नसतात. अर्धा तास इकडेतिकडे होतो, मोबाइलवर ताडून बघा. पण तिथीवरून रजा टाकता येते, हे मला जास्त आवडतं.

ओहोटीची दोन पथ्यं. एक, डबकी, जे वर आलंच. दोन, खडक. अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीला चालत जाता येतं आणि कुत्रा नेण्याचा मोह होतो. त्या बाजूच्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कवच्या ब्लेडसारख्या. भुंग्याचा पुढचा पंजा तिथेच चिरला. मिठाच्या पाण्यात रक्त थांबत नाही आणि तीस किलोचं जनावर उचलून किलोमीटरभर वाळूतून आणणं काय असतं ते माझ्या नवऱ्याच्या कमरेला विचारा. वर भरती मागून भरत येते, वाट आधी खोलगट भागात बंद होते आणि पुढे उभ्या माणसाला ते उशिरा कळतं. किल्ला आम्ही आता आळीपाळीने बघतो.

एवढं करूनही कधी पोट बिघडलंच, तर आम्ही काय करतो ते सांगते. दोन-तीन तास खायला काही नाही. पाणी मात्र साधं, घरचं, अर्धं वाडगं दर अर्ध्या-पाऊण तासाने. बादली समोर ठेवायची नाही, घटाघटा पिऊन सगळं उलटून टाकतो. दुसऱ्या फेरीला मी शहाणपणा करून माणसांचं ओआरएस पाजलं होतं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला: "मिठानेच झालंय आणि तुम्ही वर मीठ देताय." मग मऊ भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन, थोडं थोडं. पॅरासिटामॉल, ब्रुफेन, आपल्या जुलाबाच्या गोळ्या, यांतलं काहीही माणसांच्या डब्यातून कुत्र्याला द्यायचं नाही. शीमध्ये रक्त दिसलं, चोवीस तासांत थांबलं नाही, लघवी होत नाही किंवा पिल्लू असेल, तर वाट बघत बसायचं नाही.

पोटाचं इथे संपलं. पण डॉक्टरांचा तो "किती वाजता?" हा प्रश्न मला इतका पटला की त्यानंतर समुद्रानंतरची बाकीची दुखणीही मी तशीच वहीत मांडली. दोन सापडली.

एक तिसऱ्या दिवशी येतं. पुण्यात परतल्यावर भुंग्या डोकं झटकायला लागायचा, कान खाजवायचा, कानाला आंबट पिठासारखा वास. लॅब, कॉकर, गोल्डन अशा पडक्या कानांच्या कुत्र्यांत पाणी आत राहतं, वरून कान झाकलेला, आत दमट, मग बुरशी वाढते. उपाय त्याच संध्याकाळी करायचा असतो, तिसऱ्या दिवशी नव्हे. गोड्या पाण्याने अंग धुतल्यावर बोटाला कापूस गुंडाळून जितकं बोट सहज जातं तितकंच पुसायचं, कान वाळवायचं द्रावण डॉक्टरांकडून घेऊन ठेवायचं, आणि अर्धा तास कान डोक्यावर उलटे करून बसवायचं. फोटो छान येतात. काडी घालायची नाही, खोबरेल तर नाहीच. कोकणात कुणीतरी खोबरेल सुचवणारच, गोड बोलून टाळा. पंजेही तेव्हाच, बोटांच्या फटींत मीठ आणि वाळू राहिली की रात्रभर चाटत बसतो आणि लाल करून ठेवतो. अंग विहिरीच्या पाण्याने चालतं, पंज्यांना शेवटचा हात कॅनमधल्या पाण्याचा.

दुसरं येतं आठवड्या-दोन आठवड्यांनी, म्हणून कुणी समुद्राशी जोडतच नाही. गेल्या जानेवारीत परतल्यावर बाराव्या दिवशी भुंग्याने जेवण सोडलं, अंग तापलेलं, हिरड्या फिक्या. गोचीडताप. रक्त तपासलं तर प्लेटलेट घसरलेल्या. गोचीड वाळूत नव्हती, वाडीत होती: जांभ्या दगडाच्या गडग्यात, गोठ्याशेजारी, सुक्या झावळ्यांच्या ढिगात. गंमत म्हणजे आम्ही दर वेळी मानेवर औषधाचे थेंब टाकून न्यायचो. टाकायचो कधी? निघायच्या आदल्या रात्री. आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात आंघोळ आणि वर शाम्पू. असल्या थेंबांच्या आधी-नंतर साधारण दोन दिवस अंग भिजवायचं नसतं, ते पाकिटावर लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. आता पोहणाऱ्या कुत्र्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने पोटातून द्यायची महिन्याची गोळी चालू आहे. तरी रात्री बॅटरी घेऊन कानांमागे, काखेत, बोटांच्या मध्ये बघतोच. परतल्यावर तीन आठवडे जेवण किंवा ताप यांत जरा फरक दिसला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "आम्ही अलिबागला जाऊन आलो" हेच सांगायचं.

आता जे वारंवार नाही पण एकदाच झालं तरी पुरतं, ते पटापट. अलिबाग-नागावची वाळू काळपट आहे, पांढरीपेक्षा जास्त तापते. हाताचा पालथा पंजा सात सेकंद टेकवता आला नाही तर कुत्र्यालाही नको. दमट हवेत धाप टाकूनही कुत्र्याचं अंग निवत नाही. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ सेल्सिअस, ४१ च्या वर उष्माघात. जीभ गडद लाल, लाळ चिकट, पाय लटपटले की सावली, अंगावर साधं पाणी, वारा आणि दवाखाना. बर्फात बसवायचं नाही. पग, बुलडॉग असल्या बसक्या नाकाच्यांना दहानंतर बाहेर काढूच नका.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की नको असलेले मासे कोळी वाळूतच टाकतात. त्यात शिंगाळ्याचे काटे असतात, ते विषारी आणि पंज्यात किंवा टाळ्यात घुसतात. आणि केंड असतो, तो फुगणारा. केंड खाल्लेल्या कुत्र्याला मिनिटांत ते काही तासांत लुळेपणा येऊ शकतो, पुढे श्वासही बंद पडतो. त्यावर उतारा नाही, फक्त श्वास चालू ठेवणं. वाळलेला केंडही तितकाच वाईट. जाळी दिसली की पट्टा. पावसाळ्यात तर आम्ही जातच नाही, लाटा आहेतच, वर मुंबईच्या किनाऱ्यांवर येतात ते निळे डंखवाले फुगे इकडेही वाहून येऊ शकतात आणि ते मेलेलेही चावतात. पावसाच्या सुमाराला डांबराचे काळे गोळे पंज्यांना चिकटले तर खाद्यतेल चोळून काढायचे, रॉकेलने नाही.

किनाऱ्यावरच्या कुत्र्यांच्या टोळ्यांना आपली हद्द असते. आपला पट्ट्यातला कुत्रा आणि त्यांचे सुटे सहा, यांत आपण मध्ये पडायचं नाही, बिस्किटं फेकायची नाहीत, सरळ मागे फिरायचं. रेबीज, पार्व्हो, लेप्टो यांच्या लशींच्या तारखा बघूनच निघा. लेप्टो समुद्राने नाही, वाडीतल्या साचलेल्या पाण्याने होतो. आपल्या कुत्र्याची शी उचला. वाळूत राहिलेल्या शीतून हुकवर्म नावाच्या जंताच्या अळ्या अनवाणी पोरांच्या पायात शिरतात, आणि पंचायतीने उद्या कुत्र्यांना बंदी केली तर कारण तेच असेल. हरिहरेश्वरच्या पुढे बाणकोटची खाडी ओलांडून वेळास किंवा अंजर्ल्याला जाणार असाल, तर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. कुत्र्याला अंड्यांचा वास वाळूखालून येतो. तिथे आम्ही भुंग्याला गाडीतूनही उतरवत नाही.

यंदाच्या हिवाळ्यात तीन फेऱ्या झाल्या. रात्री दहाला कुणी उठलं नाही, कान कोरडे, गोचीड एक मिळाली ती माझ्या चपलेवर. एकच गोष्ट अजून सुटलेली नाही: कुजका मासा दिसला की भुंग्या खांदा टेकवून त्यावर लोळतो. शाम्पू दोनदा, लिंबू, बेसन, सगळं झालं. परतताना पोयनाड गेलं, वडखळ गेलं, चारही काचा उघड्याच.